इंग्लंडचं इंधन, कॅनडाची अणुभट्टी, अमेरिकेचं जड पाणी अन् आपले डॉ. होमी भाभा

स्मृतिदिन विशेष

लासलगाव (वार्ताहर) : आज २४ जानेवारी. मार्केटला लाल कांद्याच्या गाड्यांची रांग आहे, शेतात उन्हाळ कांद्याची लागण उरकायची घाई आहे. या गडबडीत कुणाला आठवणार नाही, पण बरोबर याच तारखेला, १९६६ साली, भारताच्या अणुशक्तीचा पाया घालणारा माणूस विमान अपघातात गेला. डॉ. होमी जहांगीर भाभा. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते आणि एका आंतरराष्ट्रीय बैठकीला निघाले होते.

भाभांचं नाव घेतलं की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. पण त्यांच्या आयुष्यातला मोठा भाग वेगळ्याच खटपटीत गेला. अणूची विद्या बॉम्बपुरती न राहता वीज, औषध आणि शेतीला कशी लागेल, आणि ती मूठभर श्रीमंत देशांच्या तिजोरीतून बाहेर कशी येईल, यासाठी ते देशोदेशी भांडले, मैत्री केली, उसनवारी केली. आपल्याकडं सावड असते ना, आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या, तशीच ही देशादेशांची सावड. तिच्यात भारताचा पाय भाभांनी रोवला. ही सगळी गोष्ट आपल्या लासलगावपर्यंत येऊन पोचते, ती कशी तेही पुढं सांगतो.

आत्याचं घर आणि इंजिनिअरिंगची वाट

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत एका सधन पारशी घरात झाला. वडील जहांगीर भाभा वकील. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे टाटांचं घर हे होमींच्या आत्याचं घर. लहानपणापासून पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्य संगीताच्या तबकड्या यांतच ते वाढले. ते स्वतः चित्रंही उत्तम काढायचे.

मुंबईत शिक्षण झाल्यावर १९२७ साली त्यांना इंग्लंडला केंब्रिजला पाठवलं. घरच्यांचा हिशेब सरळ होता. पोरानं इंजिनिअर व्हावं, परत यावं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं. पण तिकडं गेल्यावर पोराचं मन लागलं भौतिकशास्त्रात. त्या काळात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अणूच्या पोटात काय आहे याचे शोध लागत होते. होमींनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की आपला जीव इंजिनिअरिंगमध्ये नाही.

वडिलांनी अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढं काय शिकायचं ते शिक, खर्च मी करतो. पोरानं १९३० साली पहिला वर्ग आणून दाखवला आणि गणित अन् भौतिकशास्त्राकडं वळला. आपल्याकडं बारावीनंतर घराघरात हाच वाद चालतो. त्या घरात पैशाची अडचण नव्हती हे खरं, पण बापानं शब्द पाळला हेही तितकंच खरं.

पुढची काही वर्षं भाभा युरोपभर फिरले. झुरिचला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर, अशा त्या काळातल्या दिग्गजांकडं जाऊन शिकले. आकाशातून येणारे विश्वकिरण हवेत शिरले की त्यांच्यापासून कणांचा वर्षाव कसा होतो, याचा सिद्धांत त्यांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ साली मांडला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाऊ पॉझिट्रॉन यांच्या टकरीला आजही जगभर भाभांचंच नाव आहे. १९४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो केलं.

या फिरण्यात त्यांना विद्या मिळाली आणि सोबत ओळखीही मिळाल्या. केंब्रिजमधले सोबती पुढं आपापल्या देशाच्या अणुखात्यात मोठ्या जागांवर गेले. इंग्लंडचे कॉक्रॉफ्ट, कॅनडाचे लुईस ही त्यातली नावं. या ओळखी पुढं कशा कामाला आल्या ते बघूच.

सुट्टीवर आले अन् इथंच राहिले

१९३९ साली भाभा सुट्टीला म्हणून भारतात आले. सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. मग ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथं सर सी. व्ही. रामन होते. विक्रम साराभाईही त्याच काळात तिथं काम करत होते. सुरुवातीला परत जायचा विचार होता, पण हळूहळू त्यांच्या मनानं घेतलं की चांगल्या माणसांनी इथंच राहून संस्था उभ्या केल्या पाहिजेत.

१२ मार्च १९४४ ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मागणी होती मूलभूत संशोधनाच्या संस्थेची. त्या पत्रातला विचार साधा होता. पुढं वीस-पंचवीस वर्षांत अणूपासून वीज व्हायला लागेल, तेव्हा भारताला माणसं परदेशातून आणायची वेळ येऊ नये, ती घरातच तयार असावीत. पत्राची तारीख परत बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त काळ होता. स्वातंत्र्याला तीन वर्षं होती. जगाला अणुशक्ती हा शब्द माहीत नव्हता, तेव्हा हा माणूस तिच्यासाठी माणसं तयार करायची भाषा करत होता.

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. हा बंगला घरातलाच, नात्यातल्यांचा. पुढं कुलाब्याला समुद्राकाठी मोठी इमारत झाली.

स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९४८ ला अणुऊर्जा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भाभा आणि सोबत शांतिस्वरूप भटनागर अन् के. एस. कृष्णन. १९५४ साली अणुऊर्जा विभाग निघाला. तो थेट पंतप्रधान नेहरूंच्या हाताखाली आणि सचिव भाभा. विशेष म्हणजे खात्याचं मुख्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवलं. त्याच वर्षी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, डोंगर आणि खाडीच्या मध्ये अणुशक्ती केंद्राचं काम सुरू झालं. आज त्यालाच आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो. त्यांचं नाव त्याला १९६७ साली, मरणानंतर दिलं.

जिनिव्हाची सभा

आता मुख्य गोष्टीकडं येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अणूची सगळी विद्या कुलपात होती. अमेरिका, रशिया, इंग्लंड कुणीच कुणाला काही सांगत नव्हतं. एकच विद्या चुलीलाही लागते आणि बॉम्बलाही, म्हणून जो तो लपवत होता. ८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात भाषण करून मांडलं की अणूचा शांततेसाठी वापर व्हावा आणि त्यासाठी एक जागतिक संस्था असावी.

त्यातून ऑगस्ट १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात मोठी परिषद भरली. ७३ देश आले. अध्यक्ष कोण? अमेरिकेचा केला तर रशिया रुसणार, रशियाचा केला तर अमेरिका. निवड झाली भारताच्या होमी भाभांची. वय ४५. देश स्वतंत्र होऊन आठच वर्षं झालेली आणि देशात अजून एकही अणुभट्टी नाही. तरी जगातल्या सगळ्या अणुशास्त्रज्ञांच्या सभेचा अध्यक्ष आपला माणूस.

बारा-तेरा दिवस ती परिषद चालली. जे निबंध कालपर्यंत गुप्त होते ते उघड वाचले गेले. रशियानं आपल्या पहिल्या छोट्या अणुवीज केंद्राची माहिती दिली. अमेरिकेनं तर एक चालू अणुभट्टीच आणून मांडली होती. पाण्याच्या हौदात खाली निळा उजेड दिसायचा आणि लोक वाकून बघायचे. वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं न बघितलेले शास्त्रज्ञ एका टेबलावर बसले.

भाभांनी अध्यक्षीय भाषणात मुद्दा मांडला तो गरीब देशांचा. जगातली बहुतेक माणसं अजून बैल, शेणाच्या गोवऱ्या आणि लाकूडफाट्यावर जगतात. त्यांना श्रीमंत देशांसारखं जगायचं तर कोळसा अन् तेल पुरणार नाही, म्हणून अणूची वीज त्यांना हवीच, असा त्यांचा हिशेब होता. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक अंदाज सांगितला. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी, म्हणजे अणू जोडून मिळणारी ऊर्जा, वीस वर्षांत माणसाच्या ताब्यात येईल, असं ते म्हणाले. हा अंदाज चुकला. तशा विजेचं केंद्र आजही कुठं चालत नाही. मोठा माणूसही चुकतो, पण चुकला म्हणून त्याचं सगळंच चुकलं असं होत नाही.

उसनं आणलं, पण हात आपले

जिनिव्हाच्या आधीपासूनच भाभांनी उसनवारी सुरू केली होती. अणुभट्टी म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. युरेनियम नावाच्या जड धातूचा अणू फुटला की उष्णता निघते आणि आतून बारीक कण सुटतात. ते कण शेजारचे अणू फोडतात आणि ही साखळी ताब्यात ठेवली की झाली अणुभट्टी. त्या उष्णतेवर पाणी उकळून वाफ केली अन् वाफेवर टर्बाइन फिरवलं की वीज.

ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी आपल्याच इंजिनिअरांनी बांधली. हौदासारखी, १ मेगावॉटची. पण तिच्यात टाकायचं समृद्ध युरेनियम आपल्याकडं नव्हतं. ते इंग्लंडनं दिलं. कॉक्रॉफ्ट यांच्याशी असलेली जुनी ओळख इथं कामी आली. ४ ऑगस्ट १९५६ ला ही भट्टी सुरू झाली. आशिया खंडातली ती पहिली मानली जाते. हौदातला निळा उजेड बघून नेहरूंनी तिला नाव दिलं, अप्सरा.

दुसरी भट्टी कॅनडानं दिली. तिकडं लुईस होते. ४० मेगावॉट उष्णतेची ही भट्टी १० जुलै १९६० ला सुरू झाली. तिला लागणारं जड पाणी अमेरिकेनं दिलं. जड पाणी म्हणजे दिसायला साधंच पाणी, पण त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. ते आतल्या कणांचा वेग कमी करतं, म्हणजे साखळी नीट चालते. कॅनडा, भारत आणि अमेरिका अशा तिघांच्या नावांवरून या भट्टीला सायरस म्हणायचे.

इथं भाभांचा धोरणीपणा बघा. भट्टी कॅनडाची, पाणी अमेरिकेचं, पण इंधनाच्या कांड्या सगळ्या बाहेरून घ्यायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. १९५९ च्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या कारखान्यात युरेनियम धातू तयार झाला आणि १९६० च्या फेब्रुवारीत सायरससाठी पहिल्या दहा कांड्या आपल्या लोकांनी बनवल्या. पहिल्या वर्षी बियाणं दुसऱ्याकडून आणलं तरी पुढच्या वर्षाचं बी घरात धरायचं, हा आपला जुना रिवाज. भाभांचं सगळं धोरण याच रिवाजावर चाललं. १९५७ साली त्यांनी ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा काढली. दरवर्षी देशभरातली हुशार पोरं निवडायची, वर्षभर शिकवायचं आणि कामाला लावायचं. ही शाळा आजही चालू आहे.

अटींवरून झालेलं भांडण

सावडीत सगळ्यांचा मान सारखा असतो. ज्याच्याकडं बैल नाही त्याला कुणी खाली बसवत नाही. भाभांचं भांडण नेमकं यावरच झालं.

१९५६ साली जागतिक अणुसंस्थेची घटना लिहिली जात होती. आधी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी मसुदा केला, त्यात भारत होता. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सगळे देश जमले. प्रश्न असा होता : संस्थेनं एखाद्या देशाला इंधन किंवा यंत्र दिलं, तर त्यानं चोरून बॉम्ब करू नये म्हणून तपासणी करायची. यात वावगं काय? वरवर काही नाही. पण भाभांनी खोट दाखवली. ज्यांच्याकडं बॉम्ब आहेत ते मोठे देश कुणाकडून मदत घेणारच नाहीत, म्हणजे त्यांची तपासणी होणार नाही. तपासणी होणार ती मदत मागणाऱ्या गरीब देशांची, आणि तीही पिढ्यान् पिढ्या. म्हणजे चोरीचं सामान ज्याच्या घरात आहे तो मोकळा आणि ज्याच्या घरात काहीच नाही त्याची झडती. तपासणी ठेवा, पण ती इतकी ताणू नका की देशाचा पुढचा सगळा कारभारच दुसऱ्याच्या हातात जाईल, अशी त्यांची बाजू होती.

वाद चांगलाच तापला. शेवटी काही अटी सैल झाल्या, तडजोड झाली आणि २३ ऑक्टोबर १९५६ ला घटना मंजूर झाली. १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सुरू झाली. तिचं ठाणं ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात आहे. तिच्या कारभारी मंडळात भारत पहिल्यापासून आहे.

अमेरिकेतल्या लोकांना तेव्हा भाभा हट्टी वाटले. त्यांच्या बाजूनंही काही बोलण्यासारखं होतं, ते पुढं येईलच.

तारापूर आणि बॉम्बची सावली

१९६३ साली भारतानं अमेरिकेशी करार केला आणि तारापूरला, आजच्या पालघर जिल्ह्यात, दोन अणुवीज युनिटं उभी राहायला लागली. यंत्रं अमेरिकन कंपनीची, कर्ज अमेरिकेचं, इंधनही अमेरिकेचं. त्याच वर्षी कॅनडाबरोबर राजस्थानातल्या कोट्याजवळच्या केंद्राचा करार झाला. तारापूरला सगळंच तयार घेतलं, यावर देशातही टीका झाली. भाभांचा हिशेब असा की अणूची वीज परवडते हे आधी लोकांना दाखवलं पाहिजे, मग आपल्या पद्धतीच्या भट्ट्या बांधू. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर आहे. शेवटी त्यावर चालणाऱ्या भट्ट्यांपर्यंत जायचं, असा तीन टप्प्यांचा आराखडा त्यांनी १९५४ सालीच मांडला होता. तिसरा टप्पा अजून लांब आहे.

तारापूर १९६९ साली सुरू झालं. ते बघायला भाभा नव्हते. विजेसाठी जमीन लागते आणि जमीन कुणाची तरी असते, हेही इथं लिहायलाच पाहिजे. तारापूरच्या पुढच्या दोन युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं. रात्री दोन वाजता लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला विजेची किंमत कळते. पण ज्याचं गाव गेलं त्याला ती आणखी वेगळी कळते.

आता बॉम्बचं. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीननं अणुस्फोट केला. आठवडाभरानं भाभा आकाशवाणीवर बोलले. जगानं शस्त्रं कमी करावीत हे त्यांनी सांगितलंच, पण अण्वस्त्रं करायचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही, हेही आकडे देऊन सांगितलं. म्हणजे शांततेचा आग्रह धरणाऱ्या भाभांच्या मनात दुसरी वाटही होती. अभ्यासक यावर आजही वाद घालतात.

भाभा गेल्यावर आठ वर्षांनी, १८ मे १९७४ ला भारतानं पोखरणला पहिली अणुचाचणी केली. तिच्यासाठी लागलेलं प्लुटोनियम आलं ते सायरसमधून, म्हणजे कॅनडानं शांततेच्या कामासाठी दिलेल्या भट्टीतून. भारतानं तिला शांततेसाठीचा स्फोट म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही. त्यांनी मदत थांबवली. अमेरिकेनंही तारापूरच्या इंधनाचा हात आखडता घेतला. पुढं ते फ्रान्सकडून घ्यावं लागलं. देशांनी मिळून अणुसामान विकण्यावर कडक नियम केले आणि भारत जवळजवळ वाळीत पडला. २००८ साली त्या नियमांतून भारताला सूट मिळाली.

यात चूक कुणाची? कॅनडाच्या बाजूनं बघितलं तर आपण दिलेला बैल दुसऱ्याच कामाला जुंपला, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. आपल्या बाजूनं बघितलं तर शेजारी चीन बॉम्ब घेऊन बसलेला आणि जगाचे नियम एकतर्फी. दोन्ही बाजू मांडल्या, वाचकांनी ठरवावं. एक गोष्ट मात्र नक्की. मदत तुटल्यावर कोट्याचं दुसरं युनिट आपल्या इंजिनिअरांनी आपल्याच जोरावर पूर्ण केलं. भाभांनी पहिल्यापासून माणसं तयार करून ठेवली होती म्हणूनच ते जमलं.

परळच्या टाटाची गोष्ट

आपल्या तालुक्यात असं गाव नसेल जिथून कुणी परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलं नाही. कॅन्सर म्हटलं की टाटा. पण हे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याचं आहे, हे किती जणांना माहीत आहे?

भाभांच्या आत्या मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टनं १९४१ साली परळला हे हॉस्पिटल उभं केलं. नंतर ते सरकारकडं गेलं आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात आलं. तेव्हा खात्याचे प्रमुख भाभाच होते. कॅन्सरवर किरणांचा उपचार लागतो आणि किरणं देणारे पदार्थ अणुभट्टीत तयार होतात. म्हणून भट्टीवाले अन् डॉक्टर एका छताखाली असावेत, हा त्यामागचा विचार.

पुढं ट्रॉम्बेच्या केंद्रानं किरणोपचाराचं देशी मशीन बनवलं. नाव ठेवलं भाभाट्रॉन. हेच मशीन भारतानं व्हिएन्नाच्या संस्थेमार्फत व्हिएतनामला भेट दिलं. एकेकाळी इंग्लंडकडून इंधन मागणारा देश आता दुसऱ्याला मशीन देतोय. सावड फेडली म्हणायची ती अशी. तसं फेडायला सुरुवात साठच्या दशकातच झाली होती. ट्रॉम्बेचं एक संशोधन यंत्र तेव्हा या संस्थेच्याच योजनेतून फिलिपिन्सला गेलं आणि आजूबाजूच्या देशांतली पोरं त्यावर शिकली.

भुईमूग, उडीद आणि आपला कांदा

आता आपल्या शेतातली गोष्ट. उन्हाळी भुईमूग करणाऱ्याला टॅग २४ हे वाण सांगावं लागत नाही. त्या नावातला पहिला ट हा ट्रॉम्बेचा आणि अ हा अकोल्याचा. ट्रॉम्बेचं अणुकेंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून केलेलं हे वाण १९९१ साली आलं. त्याआधी १९८५ साली उडदाचं टीएयू १ आलं, तेही याच दोघांचं. बियांना किरणं द्यायची, मग हजारो रोपांतून बुटकं, लवकर येणारं, जास्त लागणारं झाड हुडकायचं आणि पुढं चांगल्या वाणांशी संकर करायचा, अशी ही पद्धत. व्हिएन्नाच्या संस्थेनं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेबरोबर १९६४ सालापासून याच कामाचा एक कायमचा विभाग ठेवला आहे. अशा वाणात किरणं राहत नाहीत. बदल होतो तो बियाच्या गुणात.

आणि आपल्या लासलगावचं विकिरण केंद्र, कृषक, हेही त्याच झाडाची फांदी. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांद्याचा कोंब यायचा थांबतो. कांदा किरणोत्सर्गी होत नाही, ही भीती मनातून काढावी. एक्स-रे काढलेला माणूस जसा घरी येऊन सगळ्यात जेवायला बसतो, तसंच हे. आपल्यातले बहुतेक जण अजून चाळीवरच कांदा ठेवतात, कारण खर्च आणि वाहतूक परवडली पाहिजे. पण २००७ साली याच केंद्रातून किरणं देऊन हापूस अन् केशर आंबा अमेरिकेत गेला. फळातली कीड तिकडं जाऊ नये म्हणून अमेरिकेनं ही अट घातली होती, आणि त्यासाठी त्यांच्या कृषी खात्यानं आपल्या लासलगावचं केंद्र तपासून मान्य केलं. १९५६ साली न्यूयॉर्कला जे भांडण झालं ते तपासणीचंच होतं. इथं तपासणी झाली, पण दोघांच्या फायद्याची.

माँ ब्लाँचा बर्फ

भाभांनी लग्न केलं नाही. मलबार हिलच्या घरात आईसोबत राहायचे. झाडांवर फार जीव. बांधकामाच्या आड येणारं मोठं झाड तोडायचं नाही, मुळासकट काढून दुसरीकडं लावायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. कुलाब्याच्या संस्थेतली बाग आणि चित्रांचा संग्रह त्यांच्याच आवडीनं झाला.

जानेवारी १९६६. ११ तारखेला ताश्कंदला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गेले. २४ तारखेला दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी होता. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना फ्रान्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं. विमानात ११७ माणसं होती. कुणीही वाचलं नाही. त्यात डॉ. होमी भाभा होते. निघाले होते व्हिएन्नाला, त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या बैठकीसाठी.

दरवर्षी या तारखेला व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात की हा घातपात होता. त्याचा पुरावा आजवर पुढं आलेला नाही. फ्रान्सच्या चौकशीत निघालं ते असं की विमान डोंगरापासून नेमकं कुठं आहे याबद्दल वैमानिकाचा आणि खालच्या नियंत्रण कक्षाचा समजुतीचा घोटाळा झाला. डोंगर ओलांडला असं समजून विमान खाली यायला लागलं. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

तिथला बर्फ आता वितळतोय आणि त्या विमानाचं सामान अजून वर येतंय. २०१२ साली भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी सापडली. २०२० साली जुनी भारतीय वर्तमानपत्रं निघाली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, ही त्यांतली ठळक बातमी होती. चोपन्न वर्षांनी ती परत उजेडात आली.

भाभांचं शरीर त्या बर्फातच राहिलं. मुंबईत त्यांच्या नावाचं केंद्र आहे, परळला हॉस्पिटल आहे, आपल्या वावरात भुईमूग आहे आणि लासलगावला कृषक आहे. पुढच्या वेळी मार्केटला येताना त्या केंद्राच्या बाजूनं गेलात तर तेवढं मनात आणा. आणि ज्यांची पोरं यंदा बारावी सायन्सला आहेत त्यांनी ट्रॉम्बेच्या त्या शाळेचं नाव लिहून ठेवा. आधी इंजिनिअरिंग किंवा सायन्सची पदवी लागते, मग परीक्षा आणि मुलाखत. भाभांनी ती शाळा देशभरातल्या हुशार पोरांसाठी काढली, त्यात खेड्यातली पोरंही आली.